माझ्या हाताचा चाकू

प्रिय धाकटे,

तू कामासाठी बाहेरगावी जाऊन सहा दिवस झाले. रोज फोन होतो खरा, पण त्यात मी विचारते जेवलीस का, तू विचारतेस कडी नीट लावतेस का, की संपलं आपलं बोलणं. त्यापुढचं काही काढलं तर तू मला मध्येच तोडतेस. कागदाला तसं तोडता येत नाही, म्हणून हे पत्र. तिथल्या हॉस्पिटलच्या लिफ्ट बसवून तू रविवारी परत येणार, आणि सोमवारी तुला कंपनीला उत्तर द्यायचं आहे. त्यांचं पत्र अजून कपाटावर घड्याळाखाली आहे. दूरच्या शहरातली जागा, नव्या मेकॅनिकना शिकवायचं काम, पहिल्यांदाच एका बाईला देताहेत. त्याबद्दल मला लिहायचंच आहे, पण आधी एका चाकूची गोष्ट ऐक. ती सांगितल्याशिवाय पुढचं तुझ्या गळी उतरायचं नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी वाचनालयाने फाटक्या पुस्तकांचे चार गठ्ठे माझ्याकडे दुरुस्तीला पाठवले. प्लास्टिकच्या त्या पिवळ्या पट्ट्या आवळून बांधलेले. दर वेळी तू कामावरून येतेस, बूट काढायच्या आधी खिशातून चाकू काढतेस, चार ठिकाणी टक टक करतेस आणि चाकू मिटून आत. मला वाटायचं, त्यात काय मोठंसं. या वेळी मी कात्री लावली, ती घसरली. मग भाजीची सुरी घेतली. पट्टी तुटली ती एकदम, आणि सुरी थेट वरच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात घुसली. दुरुस्तीला आलेलं पुस्तक मीच आणखी फाडलं! वाचनालयाच्या बाईंना फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, ‘‘असू द्या, तुमच्याकडेच आहे ना, शिवून टाका.’’ पण मला दिवसभर चैन पडली नाही. दुसऱ्या दिवशी उठले आणि चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. तो जाडा चष्मेवाला, जो तुला ‘लिफ्टवाल्या ताई’ म्हणतो, तोच होता.

खिशात मावेल असा मिटणारा चाकू दाखवा म्हटलं, तर पहिला प्रश्न, ‘‘कुणाला द्यायचाय?’’ मला हवाय म्हटल्यावर त्याने गुलाबी रंगाचा एक काढला. त्यात इवलंसं पातं, कानस आणि चिमटा. मी म्हटलं, ‘‘मला नखं नाही कापायची, गठ्ठे कापायचेत.’’ मग तो दुसऱ्या टोकाला गेला. अकरा वस्तू एकात असलेला, हातात घेतला तर वरवंट्याएवढा जड. त्यानंतर एक काळाकुट्ट, बटण दाबलं की खाडकन उघडणारा, पातं अर्धं करवतीसारखं. मी दचकून मागे सरकले तशी मागची दोन गिऱ्हाइकंही सरकली. ‘‘हा फार खपतो,’’ म्हणाला. खपत असेल, पण घेणाऱ्याला त्याने नक्की काय कापायचं असतं देव जाणे.

आणि मग, धाकटे, मला तू आठवलीस. तुला पहिली नोकरी लागली तेव्हा ह्यांनी तुला चाकू घ्यायचं ठरवलं होतं. छापखान्यातून लवकर सुटून आले, आपण तिघं गेलो. ह्यांच्या मनात काचेच्या कपाटातला, मखमलीवर ठेवलेला चाकू होता. बहिणीला द्यायचा म्हणजे ह्यांचा हात कधी आखडला नाही. तू मात्र खालच्या पेटीत हात घातलास. एकेक उघडून पात्याला दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून बघितलंस. मिटून टोकाकडून डोळा लावून पाहिलंस, पातं मधोमध बसतंय की एका बाजूला घासतंय. शेवटी लाकडी मुठीचा एक साधा चाकू घेतलास, साध्या चपलांच्या जोडाएवढ्या किमतीचा. हे नाराज झाले, तर म्हणालीस, ‘‘दादा, रोज वापरायचा चाकू हरवला तर रडू येऊ नये इतकाच महाग असावा.’’ हे रस्ताभर हसत होते. घरी आल्यावर मला म्हणाले, ‘‘हिला आपण वाढवलं असं आपल्याला वाटतंय फक्त.’’

तू जे जे केलं होतंस ते सगळं मी त्या दुकानात केलं. हलवून बघितलं, डोळा लावून बघितलं, रद्दी मागून कापून बघितलं. चष्मेवाला म्हणाला, ‘‘काकू, तुम्हाला कळतं की!’’ मी म्हटलं, ‘‘मला नाही, माझ्या नणंदेला कळतं.’’ आणि हुबेहूब तुझ्यासारखा चाकू घेतला. तीच लाकडी मूठ, पातं उघडलं की फिरवून घट्ट करायची तीच कडी. पात्याला नखाने उघडायची तीच बारीक खाच. दुकानात त्यानेच उघडून, मिटून दाखवला. फार खुशीत घरी आले.

घरी तो उघडेना. खाचेत नख अडकवायला नख हवं ना! माझी नखं खळीत आणि कागदात झिजलेली. बळ लावावं तर अंगठ्याचं पेर ठणकतं. तुझा अंगठा पान्यावर तयार झालाय, तो कसाही उघडेल. मी गठ्ठ्यासमोर बसून पाऊण तास त्या चाकूशी झटले. मग हसूच आलं. इतकं पारखून घेतलेलं, आणि एवढं साधं सुचलं नाही की चाकू हात बघून घ्यायचा असतो. मी तुझा हात बघून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. चष्मेवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण चाकूला ओरखडाही नव्हता, म्हणून बदलून दिला. या वेळी मी त्याला काही उघडू दिलं नाही. पेटीतले सगळे माझ्या अंगठ्याने उघडत गेले. जो उघडला नाही तो बाजूला. शेवटी एक सापडला. पात्यालाच मोठं भोक आहे, त्यात अंगठ्याचं पोट बसतं, नख लागत नाही. उघडला की मागे खटका बसतो, तो दाबल्याशिवाय मिटत नाही. मूठ प्लास्टिकची आहे आणि रंग शेवाळी, तू नाक मुरडशील. पण पातं हलत नाही, घासत नाही, आणि आधीच्याहून स्वस्त पडला. चारही गठ्ठे कापले. पट्टीखाली पातं आडवं सरकवायचं आणि धार वर वळवून आपल्यापासून लांब ढकलायचं, म्हणजे पुस्तकाला लागत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तिसऱ्या गठ्ठ्याला आपोआप कळलं. तू हसशील, पण त्या दिवशी मी स्वतःलाच चहा करून दिला, पाहुण्याला देतात तसा, बशीसकट.

मी या घरात आले तेव्हा तू चौथीत होतीस आणि मला जोडाक्षरं नीट वाचता येत नव्हती. तू पुस्तकावर डोकं ठेवून झोपलीस की मी ते हळूच ओढून घ्यायचे. तुझी पाचवी, सहावी, सातवी मी तशीच केली. पुढे तू यंत्रांकडे वळलीस, मी गोष्टींकडे. आता फाटक्या पुस्तकांतली हरवलेली पानं मी मनाने भरून काढते. पण तुझं काम पाहताना मला जे वाटतं ते कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. समोरच्या इमारतीत ते वकील लिफ्टमध्ये अडकले होते, आतून शिव्यांचा भडिमार चालू होता, आणि तू वरून शांतपणे म्हणालीस, ‘‘काका, दहा मिनिटं लागतील, तोवर शिव्या संपल्या तर पहिल्यापासून सुरू करा.’’ आतून हसू ऐकू आलं. हात काळे, आवाज थंड, आणि माणसाची भीती आधी काढायची, यंत्राची अडचण नंतर. हे त्या नव्या मुलांना तुझ्याशिवाय कोण शिकवणार?

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहिते. जायच्या आदल्या दिवशी गॅलरीत तू तुझ्या साहेबांना फोनवर सांगत होतीस, ‘‘घरी वहिनी एकटी असते, नाही जमायचं.’’ मी कपडे वाळत घालायला येत होते, तशीच मागे फिरले. आणि आणखी एक, चार वर्षं मनात ठेवलेलं. हे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात पाणी भरून परत आले तेव्हा पडद्याआड उभी होते. हे तुला म्हणाले, ‘‘हिला एकटं सोडू नकोस, फार घाबरट आहे.’’ तू त्यांचा हात धरून हो म्हणालीस. त्यांचं तेव्हा बरोबरच होतं. मी लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून उभी राहायचे. पण त्यांनी तुला जिची काळजी घ्यायला सांगितलं ती बाई आता या घरात राहत नाही, आणि तिच्यासाठी तू स्वतःचीच वाट अडवून बसली आहेस. ह्यांची आठवण मला रोज येते, तुला येते तशीच, आणि तू इथे असलीस तरी येणार, नसलीस तरी येणार. तेवढ्यासाठी कुणी राहायचं नसतं. दिलेला शब्द तू चार वर्षं पाळलास. तो घेणारे आज नाहीत, पण ज्या बाईसाठी घेतला ती आहे, आणि ती म्हणते आहे की पुरे झालं. सोमवारी साहेबांना हो सांग. घरी विचारते, कळवते, असलं काही म्हणू नकोस. घरी विचारून झालंय. वहिनी केव्हाच हो म्हणालीय.

तुझीच, आणि तू कुठेही राहिलीस तरी तुझीच,
वहिनी