भिंगावरचा हात

१ एप्रिल, बुधवार. जव्हार.
सकाळीच सुनंदा आली. गावातलं कलाघर तीच चालवते. एके काळी सूर्यमाळच्या शाळेत माझ्या चौथीत होती. येत्या दोन महिन्यांच्या कार्यक्रमांचा कागद तपासायला आणला. "गुरुजी, ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघा. कविता घुसडू नका." बरं.
बोहाड्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या नाचाच्या, सोंगांचं प्रदर्शन. मग खोडाळ्याच्या बायकांचं बांबूकाम. शनिवारी संध्याकाळी चित्रपट. आणि तळाशी, बारीक अक्षरात : शनि. ११, बोहाडा, जुनी फिल्म, बारा मिनिटं.
चहा निवला.
तीच फिल्म. मी सूर्यमाळला नवा मास्तर, मुंबईहून तिघं कॅमेरा घेऊन आले होते. उजेड हवा म्हणून दिवस उगवल्यावरचं शेवटचं सोंग टिपलं. नरसिंह. मुखवट्याखाली पाड्यावरचा सोमा. त्या तिघांतल्या एकाच्या मुलीला घर आवरताना डबा सापडला म्हणे.
सोमा पुन्हा नाचणार! दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

४ एप्रिल, शनिवार.
एस.टी.नं सूर्यमाळ. नरसिंहाचा मुखवटा प्रदर्शनासाठी मागायला. तो सोमाच्या घराचा, दुसऱ्या कुणी बांधायचा नाही. सोमाची बायको जानीबाई हंडा घेऊन खालच्या झऱ्यावर गेलेली. दीड तासानं आली, हंडा अर्धा. त्यातलंच पाणी आधी मला दिलं. दोन घोट घेऊन तांब्या परत केला.
नारळ फोडून मुखवटा दिला. मग म्हणाली, "त्याचा एक फोटो नाय, गुरुजी. तोंड इसरले मी. मोठ्या पोराचं तोंड लावून बघते, धाकट्याचं लावून बघते. जुळत नाय."
फिल्म झाली त्याच्या पुढच्या साली सोमा वसईकडे बांधकामावर गेला. परत आला तो तो गेल्याचा निरोप.
मी बोलून गेलो, "फिल्ममध्ये दिसेल की."
"तोंड दिसल?"
"दिसेल."
येताना मुखवटा घोंगडीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टर : "गुरुजी, देवाचं अर्धं तिकीट की पुरं?" सगळी गाडी हसली. मीही.

८ एप्रिल, बुधवार.
झोप नाही. ही गेल्यापासून तशीही नसते, पण हे वेगळं. तोंड दिसेल असं का म्हणालो?
सोंग उतरतं ते घोंगडीच्या आडोशाला. पायांवर पाणी पडेपर्यंत त्या माणसाचं तोंड कुणी बघायचं नाही, अशी पाड्याची रीत. मग कॅमेऱ्यात तोंड येणार कुठून? हे मला माहीत नव्हतं होय?
आणि त्या सकाळी वाऱ्यानं घोंगडी सरकली होती. तेव्हा मी...
फिल्म तिथपर्यंत नसेल. आधीच संपत असेल.

११ एप्रिल, शनिवार.
तिथपर्यंत आहे.
कलाघरात चाळीसेक माणसं. जानीबाई दोन्ही मुलांना घेऊन पुढच्या सतरंजीवर, शेजारी मी. संबळाचा आवाज फाटका. पण सोमा, काय सांगू, काय नाचला! कवितेतल्यासारखा सूर्य मागून वर येत होता. (वर्गात शिकवताना सूर्य नेहमी हसरा. खरा हसत नाही.) मग घोंगडी सरकली. सोमानं दोन्ही हातांनी मुखवटा उचलला. हनवटी दिसली. खालचा ओठ. आणि भिंगावर एक हात आडवा. पडदा काळा. दिवे लागले.
जानीबाई : "हात कुणाचा त्यो?"
सुनंदा : "असेल कुणीतरी मधे आलेलं."
"मुडदा बशिवला त्याचा."
लोक हसले. मी उजवा हात पिशवीत घातला, घरी येईपर्यंत काढला नाही.

१२ एप्रिल, रविवार.
लिहूनच टाकतो. हात माझा. कुणी सांगितलं नव्हतं. पाड्याची रीत पाड्यापेक्षा मलाच जास्त कळते अशी तेव्हा घमेंड. धावत गेलो, "टिपू नका!" म्हणून ओरडलो. संध्याकाळी म्हातारा भगत हसला होता : "मास्तर, बघू नये ते माणसानं. यंत्राला कसली रीत?" तेव्हा तो मला अडाणी वाटला.
क्षणभर थांबलो असतो तर नाक आलं असतं, डोळे आले असते.

१५ एप्रिल, बुधवार.
सुनंदा आली. शनिवारी फिल्म सूर्यमाळच्या शाळेत दाखवायची, जानीबाईचाच आग्रह. तिचा निरोप : "हनवटी धाकट्याची हाय, ती गावली. आता वरलं राह्यलं. गुरुजी तवा पाड्यावरच व्हते. हात कुणाचा त्ये आठवून या म्हनावं."
सु. निरोप सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. पडद्यावरच्या हाताला घड्याळ आहे. उजव्या मनगटावर. ह्याच मनगटावरच्या घड्याळात सु. चौथीत वेळ वाचायला शिकली.
जाताना दारात : "याल ना, गुरुजी?"
"येईन."

१८ एप्रिल, शनिवार. सकाळ.
पाण्याचे दोन कॅन भरून ठेवलेत, जानीबाईला. लाच म्हणावी तर तशी.
काय बोलायचं ते कागदावर मांडून पाहिलं. पहिल्या ओळीला यमक जुळलं. फाडला. जन्मभर पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या. एक साधं वाक्य येत नाही. "जानीबाई, हात..."
सांगितलं तर? चाळीस वर्षं मी तिच्या घरचा चहा पितो. नाही सांगितलं तर ती दर वेळी त्या हाताला शिव्या देणार आणि मी शेजारी बसून ऐकणार.
गाडी साडेनऊची. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मनगटावर त्याच्या जागी पांढरा पट्टा, घड्याळापेक्षा ठळक.
बाहेर सु.ची हाक. टेबलावर घड्याळ चालू आहे.