मोकळी हाक

४ जानेवारी
पुसेगावच्या पुढच्या तांड्यावर पोचलो. खोली झकास. नवी, सिमेंटची, खिडकीसमोर हरभरा, त्यापलीकडे माळ. अर्ध्याहून अधिक तांडा ऊसतोडीला गेलेला, म्हणजे गोंगाट नाही. घरमालक देविदास राठोड, त्याची आई रूपाबाई, बायको मिना आणि तान्हं लेकरू शेजारच्या घरात. माळावर लांडगा आहे. त्याला बोलवायचं, भुलीची सुई मारायची, गळ्यात माग लावणारा रेडिओ-पट्टा अडकवायचा आणि पुण्याला परत. देविदासनं विचारलं, लांडगा बोलावल्यानं येतो व्हय? पावना हाय का तो? मग आईला म्हणाला, साहेब लांडग्याला आवतन देऊन राहिले. दोघं पोट धरून हसले. हसोत. हसण्यापलीकडे यांना दुसरं येतं काय?

५ जानेवारी
पहाटे बांधाला पाठ लावून बसलो. वारा तोंडावर, म्हणजे माझा वास मागे जातो. भोंगा पुढे झुडपात. जखमी सशाचा आवाज लावला. आधी मोठा, मग क्षीण, मग बंद. नवशिके इथेच चुकतात, वाजवत राहतात. जनावर आवाजाला पुरतं येत नाही, आवाज थांबल्यावर येतं. मेलं असेल, निसटेल, या विचारानं त्याला राहवत नाही. दोन कोल्हे आले आणि भोंग्याकडे बावळटासारखे बघत उभे राहिले. भूक काय आणि कुतूहल काय, मूर्खपणाच.
रूपाबाई शेळ्या घेऊन बांधावर होती. ती शेळीला हाक मारते, तेव्हा तिच्यापुढे मूठभर ज्वारी टाकतेच. एकच शेळी आली तरी. मला म्हणाली, मोकळी हाक मारू नका साहेब. बोलावलं की काई तरी वाढावं. न्हाईतर आलेलं माघारी जात न्हाई. मी विचारलं, लांडग्याला ज्वारी वाढू का? ती हसली नाही. अडाणीपणाही किती गंभीर चेहरा करतो.

८ जानेवारी
लांडगा सशाला भुलत नाही. करडाच्या ओरडण्यालाही नाही. दुपारी शेजारी लेकरू रडत होतं. भिंतीला मोबाइल लावून रडणं टिपून घेतलं. विचारलं नाही. यांना समजावत कोण बसणार?
सूर्य मावळताना माळावर ते वाजवलं. मोठं, क्षीण, बंद. टिटव्या गप्प झाल्या. गवत दबत दबत भोंग्यापर्यंत आलं. दुर्बिणीत काहीच नाही. दबलेलं गवत पुन्हा उठलं नाही.

९ जानेवारी
रूपाबाईनं काल बांधावरून नातवाचं रडणं ओळखलं होतं. देविदास दारात येऊन ओरडला, आमच्या लेकराचं आमिष केलं व्हय तुमी? मी म्हणालो, नुसता आवाज होता. रूपाबाई ओरडली नाही. म्हणाली, हाक तुमची, आता वाढनं बी तुमचंच. मी विचारलं, भाकरी चालेल का? म्हणाली, लेकराच्या हाकेला भाकरीवर भागत न्हाई.
दुपारी घराला कुलूप लावून सगळे जीपनं आखाडा बाळापूरला गेले, मिनाच्या माहेरी. एका आवाजाला घाबरून. शेळ्यासुद्धा नेल्या.

१० जानेवारी
सकाळी शेजारी लेकरू रडलं.
कुलूप तसंच आहे. भोंगा माझ्या खाटेखाली, बॅटऱ्या काढलेल्या. मोबाइलमधलं रडणं पुसून टाकलं. दुपारी परत रडलं. कुलुपाच्या आतून नाही. घरामागून.

११ जानेवारी
आता हरभऱ्यात. आधी मोठं. मग क्षीण. वारा माझ्याकडून तिकडे वाहतोय, म्हणजे बसायची जागाही बरोबर निवडलीय. कुणीतरी माझंच शिकून घेतलंय. अर्धवट. मी काही कोल्हा नाही.
देविदासला फोन केला. लेकरू ठीक आहे, दूध पितं. रूपाबाईनं फोन ओढून घेतला. लेकरू हितं माझ्या मांडीवर हाय, म्हणाली, तिथं कितीबी रडू द्या, दार उघडू नका. मी हो म्हणालो. तिला. हो म्हणालो.

१२ जानेवारी
ऊन लख्ख आहे. कडी लावलीय. रडणं अंगणात.
ते लेकरू नाही. लेकरू बाळापूरला आहे, मला माहीत आहे. त्या कोल्ह्यांनाही कदाचित माहीत होतं.
क्षीण झालं. हुंदके. उंबऱ्याशीच.
मला भूक नाही. कुतूहल नाही. मी फक्त —
कडी निघालेली आहे. काढली मीच, दुसरं कोण —

थांबलं.
नवशिका इथे पुन्हा वाजवतो. हे वाजवत नाही.
अजून नाही.
मेलं असेल. की निसटलं — नुसतं दार किलकिलं करून, इथूनच बघतो —