बाबांनी रेडिओला गादी लावली त्याबद्दल

प्रिय मामा,

नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? मामीला सांग, तिने विणलेला स्वेटर मला छान बसतो (बाह्या सोडून). आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तापबिप कुणाला नाही. बाकी घरात जे चाललंय ते सांगायला फोनवर माझी दातखीळ बसते, म्हणून लिहिते. शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

तू दिलेला लाकडी रेडिओ आठवतो ना? त्याच्या तोंडावरचं कापड फाटलं. मी म्हटलं (मनातच म्हटलं) की पातळसं काहीतरी लावू. पण बाबा पडले सोफेवाले. उघडं लाकूड दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी स्पीकरसमोर बोटभर जाड फोम ठेवला, वर लाल मखमल ताणली, कडेने खिळे ठोकले आणि मधोमध एक बटणसुद्धा ओढून बसवलं. रेडिओ इतका सुंदर दिसतो की त्यावर बसावंसं वाटतं. ऐकावंसं मात्र वाटत नाही.

तूच मला तुझ्या रेडिओच्या दुकानात दाखवलं होतंस, स्पीकरचा कागदी कोन पुढेमागे हलतो आणि हवेला ढकलतो. जाडा आवाज कशालाही वळसा घालून येतो, बारीक आवाज नाकासमोर जातो आणि मऊ काही आडवं आलं की तिथेच जिरतो. आमचे सगळे ‘स’ आणि ‘श’ सध्या फोममध्ये जिरलेत. त्यात बाबांनी मागच्या फळीच्या फटीही काथ्याने बुजवल्या (धूळ जाते म्हणे), त्यामुळे खोका नुसता घुमतो. बातम्या देणारा रांजणात डोकं घालून बोलल्यासारखा वाटतो. आत्या म्हणते, "याला कुणीतरी वाफ घ्यायला सांगा."

पण मामा, हसू नकोस. ताई रेडिओ केंद्रात लागलीय आणि रविवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा हवामान वाचणार आहे. बाबांना ती नोकरी मुळीच पटलेली नाही. ते तिला म्हणाले, "एकदा ऐकतो. शब्द न् शब्द कळला तर राहा तिकडे. नाही कळला तर गुमान घरी ये, शिलाई मशीन रिकामंच आहे." ताई हो म्हणून बसली. तिला गादीचं माहीतच नाही.

परवा बाबा सोफा पोचवायला गेले तेव्हा मी मागची फळी उघडून काथ्या काढला. आवाज जरा मोकळा झाला. मग मखमल एका बाजूने उचकटून फोमला मधोमध गोल भोक पाडलं आणि परत ठोकून टाकलं. पण बाबा येताजाता त्या गादीवर कौतुकाने थाप मारतात. आले, थाप मारली, हात आत गेला. "फोम बसला वाटतं," म्हणाले, आणि आणखी जाड घातला. आता बातम्या देणारा रांजणासकट विहिरीत पडलाय.

तर रविवारच्या आत तू ये आणि त्यांना सांग. मेव्हण्याचं ते ऐकतील. मी सांगायला जाते आणि "चहा टाकू का" एवढंच विचारून परत येते.

तुझी भाची

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि रविवार झाला. सगळे रेडिओसमोर बसले. ताईने सुरुवात केली. बाबा म्हणाले, "काय बोलतेय ही?" आई म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात तर कळेल." तरी कळेना. बाबा रेडिओ बंद करायला उठले. मी पक्कड घेऊन मध्ये घुसले, मखमल टर्रकन उपटली आणि फोम ओढून काढला. ताईचा आवाज असा आला, जणू ती दारात उभी आहे. बाबा उभ्याउभ्या शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "फार भरभर वाचते. तिला कळवा, पुढच्या वेळी सावकाश वाच म्हणावं." पुढच्या वेळी म्हणाले, मामा.

ता. क. आणखी एक. म्हणजे तू यायची आता गरज नाही, बाबाच पुढच्या सोमवारी तुझ्याकडे येतायत. त्यांचं म्हणणं, गादीत काही वाईट नव्हतं, फक्त फोम पातळ हवा होता. नमुने कापून ठेवलेत. तुझ्या दुकानातल्या सगळ्या रेडिओंना ते नात्याखातर गाद्या लावून देणार आहेत. सोमवारी दुकान बंद ठेव. मी कळवलं असं सांगू नकोस.