मेल्या दरोडेखोराची उडी

तीर्थरूप नांतेझा आत्यास,

नातेतेहून लुटायाचा गुडघे टेकून नमस्कार (एकच टेकलाय, दुसरा सुजलाय). तुझी कंबर, केळीची बाग आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही ठणठणीत असतील. अक्षर हललंय तिकडे बघू नकोस. कारण पुढे येतंय.

डुकराचं मटण विकता विकता वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी सिनेमात दरोडेखोर झालो, हे तुला ठाऊकच आहे. तीन महिने कवुमा मास्तर आम्हाला पडायला शिकवतोय. (जन्मभर पडत पडतच वर आलो, तरी शिकवणी लावावी लागली.) हनुवटी छातीशी, खांदा खाली, मग लोळण. मी शिडीने भिंतीवर चढायचो आणि पोत्यासारखा खाली यायचो. शेवटी दिग्दर्शक सेबुलिबाने बजावलं, रविवारी नीट पडलास तर दरोडेखोर तू, नाहीतर मुलोंदो न्हावी. तो मेला पिकल्या पानासारखा पडतो.

रविवारी सिनेमातल्या कमांडोने छातीत तीन खोट्या गोळ्या घालून लाथ झाडली (लागली नाही, पण राग आला) आणि आत्या, मीही पिकल्या पानासारखा पडलो. भिंतीखालच्या भुशाच्या ढिगावर खांदा टेकला, लोळण घेतली, ढीग ओलांडला आणि पलीकडे थेट सासूबाईंच्या मांडीवर.

बिचाऱ्या न कळवता मासाकाहून केळी घेऊन आल्या होत्या. जावई इथेच आहे म्हटल्यावर, रीतीप्रमाणे त्याच्या नजरेस पडायला नको म्हणून डोक्यावर कापड ओढून नेमक्या ढिगामागे लपलेल्या. सासूला अंग लागलं की जावयाचे हात जन्मभर थरथरतात, हे लग्नाच्या आदल्या दिवशी तूच मला सांगितलंस. पुढचं मला आठवत नाही. लोक सांगतात, छातीत तीन गोळ्या असलेला मी उठलो आणि एका उडीत भिंतीपलीकडे गेलो.

सेबुलिबा शांतपणे म्हणाला, "मेलेला कुठे निघाला?"

मास्तर म्हणाला, "पडणं माझं. ही उडी कुणी शिकवली?"

सासूबाई माझ्याशी कशा बोलतील? त्या भिंतीशी बोलल्या. "भिंतीबाई, जावई बराच जड झालाय हो. पोरगी खायला घालते म्हणायची."

तुझा भाचा,
लुटाया

ता. क. सासूला शिवल्याचा दोष काढायची रीत तुलाच ठाऊक. बोकड मी देतो, नवं कापड मी देतो, पण मासाकाला तूच जा.

ता. क. २. गेलीसच तर एक काम. सेबुलिबाला ती उडी सिनेमात हवीच आहे. सोमवारपासून अकरा वेळा मारून पाहिली, दर वेळी भिंतीच्या अलीकडेच. मुलोंदो दुकान सोडून भिंतीची उंची बघत उभा असतो. तेव्हा दोष काढणं आठवडाभर लांबव आणि सासूबाईंना विचार, येत्या रविवारी त्याच ढिगामागे बसतील का. नुसत्या बसल्या तरी पुरे. अंगावर पडणार नाही, शब्द देतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवतोय तोच बायको मासाकाचा निरोप घेऊन आली (रविवारचं तिने आईला आधीच कळवलं होतं). सासूबाईंना बोकड नको. रविवारी कॅमेरा ढिगाच्या कोणत्या बाजूला असेल, तेवढं आधी कळवायला सांगितलंय.