दुरुस्ती होईपर्यंत बसा

प्रिय खारुताई,

फोन असताना आजी पत्र का लिहीत बसली, असं तुझ्या मनात आलं असेल. अगं, फोनवर तू मला धड बोलू देतेस का? मी एक म्हणते, तू मध्येच दोन म्हणतेस, आणि वर 'रेंज गेली' म्हणून मोकळी. पत्रात तुला तोंड घालता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजू नकोस, मी काही परीक्षेला बसलेली नाही. तुझ्याकडे एक काम आहे. त्या दूरदेशीच्या विद्यापीठाने तुला पुढच्या संशोधनाला बोलावलंय, तिकडच्या दुरुस्तीच्या दुकानांवर, आणि हो की नाही ते शुक्रवारी कळवायचंय, हे मला ठाऊक आहे. कसं कळलं ते मग सांगते. आधी गल्लीची खबरबात ऐक, नाहीतर माझं पोट फुगेल.

तू डॉक्टर झालीस हे गल्लीभर झालंय. मीच केलंय म्हण. समोरचा शिंपी काल विचारत होता, खांदा दाखवायला कधी येऊ? मी म्हटलं, अहो, ती दुखण्याखुपण्याची डॉक्टर नाही, धंद्याची आहे. धंदा चालावा, पण त्यापायी माती, पाणी, माणसं नासू नयेत, ते कसं जमवायचं, याचा तिने अभ्यास केलाय. तर म्हणतो कसा, मग धंदाच दाखवतो, खांद्यापेक्षा तोच जास्त ठणकतोय. आहे की नाही बिलंदर! तुझ्या तोंडी परीक्षेला मी मागे बसले होते, त्या गुबगुबीत खुर्चीत, पाय टेकत नव्हते. निम्मं डोक्यावरून गेलं. पण पडद्यावर आपल्या पक्कडमावशीचं दुरुस्तीचं दुकान आलं आणि ते चष्मेवाले परीक्षक म्हणाले, तुमचा निष्कर्ष मध्येच बदलला तो कशामुळे, तेव्हा मी तोंडाला रुमाल लावून हसले. तू काय ते गोलगोल सांगितलंस, 'माहिती पुन्हा संकलित केली' वगैरे. कशी केली ते मला विचारा म्हणावं!

आठवतं ना? तू दुकानात ते आवाज टिपायचं इवलंसं यंत्र घेऊन बसायचीस. मावशीचा नियम तर जगावेगळा. मिक्सर असो, इस्त्री असो, वस्तू टाकून जायचं नाही. दुरुस्ती होईपर्यंत बाकावर बसायचं आणि निघालेले स्क्रू वाटीत धरायचे. वाटी कलंडली तर गिऱ्हाइकानेच वाकून शोधायचे. येईल त्याला तू विचारायचीस, नवं न घेता दुरुस्त का करता? आणि लोक तरी काय एकेक! आपली पोर शिकतेय, तिला चांगले मार्क पडोत म्हणून शिंपी म्हणाला, पृथ्वीची काळजी वाटते. त्याची बायको म्हणाली, कचरा वाढू नये म्हणून. ज्याने जन्मात नळ नीट बंद केला नाही, तोही पाण्यावर बोलला. तू हरखून गेलीस. मग एकदा तू चहाला घरी आलीस आणि यंत्र दुकानातल्या टेबलावरच राहिलं. मावशीला वाटलं, कुणीतरी नियम मोडून वस्तू टाकून गेलंय. तिने ते खोललं, पुसलं, बटणं चालतात का ते बघता बघता आतलं सगळं बोलणं साफ केलं, आणि तुझ्या हातात देत म्हणाली, घे बाई, नव्यासारखं झालं! ते बोलणं दुसरीकडे उतरवून ठेवायचं तू उद्या-उद्या करत होतीस. त्या दिवशी तू जेवली नाहीस, आणि मावशीही नाही.

मग पुन्हा तेच प्रश्न घेऊन फिरलीस. पण आता लोक कंटाळले होते, आणि कंटाळलेला माणूस खोटं बोलायचे कष्ट घेत नाही. शिंपी म्हणाला, इस्त्री मला घरीही उघडता येते गं, पण इथे तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. त्याची बायको म्हणाली, हा इथे बसतो म्हणून मी येते, घरी कुठे तोंड उघडतो! आणि कोपऱ्यावरचे मास्तर, बायको गेल्यापासून कुणाशी न बोलणारे, त्यांनी मान खाली घालून सांगितलं की पंख्याला काही झालेलं नव्हतं, त्याचा स्क्रू मीच ढिला करून आणला. तू ते जसंच्या तसं लिहिलंस आणि शेवटी निष्कर्ष मांडलास: वस्तू दुरुस्त होतात त्या मावशीच्या हाताने, पण दुकान टिकलंय ते बाकामुळे. एवढं एक वाक्य मात्र मला पहिल्या झटक्यात समजलं बरं का.

आता ताजी बातमी. मावशीची जागा गेली. मालकाला तिथे मजले चढवायचेत. ती म्हणाली, जाऊ दे, घरीच करीन, माणसं वस्तू ठेवून जातील आणि झाल्यावर नेतील. मी म्हटलं, आणि मास्तर काय, तुझ्या जिन्यात उभे राहतील? त्यावर तिने हातातली पक्कड खाली ठेवली. पक्कडमावशीने पक्कड खाली ठेवली म्हणजे बघ.

तर काम असं आहे. तुझ्या आईने मला सांगितलं, आणि सांगितल्याचं सांगू नका म्हणाली, म्हणून सांगते. आजी एकटी पडेल म्हणून तू त्यांना नाही कळवणार आहेस म्हणे. खारुताई, तुझी माया मला कळत नाही का? पण सगळ्या गल्लीला प्रश्न विचारत फिरलीस, आजीला एक तरी विचारलास? म्हणून न विचारताच उत्तर देते. रस्त्याकडच्या तुझ्या खोलीत कालपासून मावशीचं दुकान आहे. तुझी पुस्तकं माझ्या कपाटात वर, कपडे खाली, आणि बाक तुझ्या खिडकीशी. आता तू राहायला आलीस तर तुला जागाच नाही. सुट्टीत ये, माझ्याजवळ झोप, फक्त लाथा मारू नकोस. सकाळपासून घरात ही वर्दळ, वाटी धरून माझा हात अवघडला, एकटं पडायला सवड कुठली? शुक्रवारी त्यांना हो कळव. खोटं कशाला लिहू, पलंग हलवल्यावर भिंतीवर त्याची फिकट खूण दिसली आणि मला भरून आलं. बाकावर बसून त्या खुणेकडेच बघत होते, तेवढ्यात शिंपी इस्त्री घेऊन आला आणि म्हणाला, आजी, जरा सरका की! मी सरकले.

तुझीच, आणि आता थोडीशी दुकानाचीही,
आजी