आग महाराजांची, ऊब महाराणीची

राजवाडा, माद्रिद
जानेवारीचा तिसरा मंगळवार

तीर्थरूप योस्टकाका यांस पुतणी अपोलोनियाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आणि काकूंचा खोकला यांपैकी आधी कोण बरे झाले ते कळवावे. मी ठीक आहे. लिओनहार्टदादा अजून खोली उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या बसवतो का? (पाद्रीबाबांच्या घरी त्याने बसवलेल्या भट्टीचा धूर धुराडे सोडून सगळीकडून निघत असे. तो थांबला, की पाद्रीबाबांनीच घर बदलले?) इथून जाणारे प्रत्येक पत्र डचेसबाईंच्या कचेरीत आधी वाचले जाते, म्हणून मी मोजकेच लिहिते. पद्धत चांगली आहे. अक्षर सुधारते.

मी अजून इथे कशी, असे तुम्ही विचारले होते. आपल्या राजकुमारी वाल्बुर्गा लग्न होऊन इकडे निघाल्या तेव्हा साल्झबुर्गहून त्यांच्यासोबत आम्ही तेवीस माणसे होतो. परक्या देशातून आलेल्या राणीने आपली माणसे सरहद्दीवर सोडायची, हा इथला रिवाज. दाई, शिक्षिका, कुत्र्याला फिरवणारा, सगळे नदीवरून परत गेले. कुत्राही गेला. मी राहिले, कारण माझे नाव माणसांच्या यादीत नव्हतेच. मी सामानाच्या यादीत होते : ‘भट्टी एक, हिरव्या फरश्या दोनशे चौदा, बसवणारी एक. काम पुरे होताच बसवणारी परत पाठवावी.’ (फरश्यांपैकी नऊ वाटेत फुटल्या. बसवणारी शाबूत पोचली.)

भट्टी मी तुम्ही शिकवल्याप्रमाणेच बसवली. अंग राणीसाहेबांच्या दालनात, तोंड भिंतीपलीकडच्या बोळात, म्हणजे लाकूड घालणाऱ्याने दालनात राख सांडायला नको. आपल्याकडे याला सोय म्हणतात. इथे त्यावर पाच जणांची समिती बसली. दालन राणीसाहेबांच्या घरकारभारात मोडते, आणि बोळ महाराजांच्या पहारेकऱ्यांच्या ताब्यात. राणीसाहेबांच्या वखारीतले लाकूड बोळात आणू द्यायला पहाऱ्याचा नाईक तयार नव्हता, आणि महाराजांचे लाकूड महाराजांच्या सहीशिवाय दुसऱ्या कोणाला ऊब देऊ शकत नव्हते, मग ती त्यांची बायको का असेना. पाच आठवडे कागद फिरले. तेवढ्यात राणीसाहेबांना तीनदा पडसे झाले. (इथला वारा दिवा विझवत नाही, माणूस विझवतो, असे इथलेच लोक म्हणतात. म्हणतात आणि खिडकी उघडी ठेवतात.)

त्यात श्रीमान गास्पार. त्यांच्या घराण्यात सहा पिढ्या राणीच्या शेगडीचा मान आहे. रोज सकाळी ते ऑलिव्हच्या बियांच्या निखाऱ्यांची पितळी शेगडी घेऊन येतात, एक गुडघा टेकून ठेवतात आणि पाठ न दाखवता जातात. तोपर्यंत निखारे निम्मे विझलेले असतात, पण ते घराण्याचे काम नव्हे. भट्टीचे काम त्यांच्याकडे द्यावे असे मी सुचवले, तर त्यांना अपमान वाटला. म्हणाले, “ज्या विस्तवापुढे मला गुडघा टेकता येत नाही, तो विस्तव माझा नव्हे, पोरी.” शेवटी समितीने निकाल दिला. आग महाराजांची, ऊब महाराणीची, आणि मधली भिंत कोणाचीच नाही. कोणाच्याही पटावर नसलेली व्यक्ती तेवढी दोन्हीकडे जाऊ शकते. अशी व्यक्ती शोधण्यात आणखी दोन दिवस गेले. मी समोरच उभी होते.

भट्टी पहिल्यांदा पेटवली ती व्हेनिसच्या वकिलाच्या, म्हणजे राजदूताच्या, भेटीच्या दिवशी. मी मोजून लाकूड घातले होते. पण श्रीमान गास्पार आपली शेगडीही घेऊन आले आणि भट्टीला टेकवून ठेवून गेले, हे मला बोळातून दिसले नाही. आत राणीसाहेब, डचेसबाई, सात-सात झगे घातलेल्या बारा मानकरणी, आणि भेट मिळालेला फरचा कोट दाखवायला आलेला वकील. वकिलाने भाषण सुरू केले. भाषण संपेपर्यंत राणीने उठायचे नाही, राणी उठेपर्यंत दार उघडायचे नाही, आणि खिडकी उघडण्याचा मान ज्यांचा, ते गृहस्थ मुलीच्या लग्नाला टोलेडोला गेले होते. भाषणाला तीन भाग होते. पहिल्या भागात मेणबत्त्या वाकल्या. दुसऱ्यात दोन मानकरणी वाकल्या. तिसऱ्यात वकिलानेच महाराणीची क्षमा मागून कोट काढला, त्याबद्दल व्हेनिसला कळवण्यात आले आहे. राणीसाहेबांचे गाल लाल झाले होते. लग्नानंतर प्रथमच त्या माणसाच्या रंगाच्या दिसल्या.

डचेसबाई म्हणजे राणीसाहेबांच्या घरकारभाराच्या मुख्य, तीस वर्षे काळ्या वस्त्रांत असलेल्या, अतिशय कर्तव्यदक्ष बाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “थंडी सोसता येते, बाई. घाम शोभत नाही. ऊब बेताची करा. जमली की तुमचं काम संपलं, गाडी सांगते.”

गाडीच्या आश्वासनाबद्दल मी आभारी आहे. मात्र तेव्हापासून भट्टीच्या धुराड्यातल्या झडपेत दोष आहे. ती कधी अर्धी उघडते, कधी तितकीही नाही, आणि दालन कोमट राहते. मी रोज तपासते. राणीसाहेबही दुपारी बोळात येऊन दोष स्वतः पाहतात. (बोळ महाराजांचा असल्याने मानकरण्यांना मागे येता येत नाही. महाराजांच्या पत्नीला कोण अडवणार?) अकरा आठवडे झाले. दोष गुंतागुंतीचा आहे. काकूंना नमस्कार.

आपली पुतणी,
अपोलोनिया

ता. क. : पत्र कचेरीतून परत आले. ‘आक्षेपार्ह काही नाही’ असा शिक्का आहे, आणि मोहोर मीच लावायची आहे. म्हणून खरे आता लिहिते. झडपेत दोष नाही. फुटलेल्या नऊ फरश्यांपैकी एकीचा तुकडा तिच्या खोबणीत आहे. मीच ठेवला. काढायला श्वास घेण्याइतका वेळ लागतो.

ता. क. २ : त्यापूर्वी मी भट्टी बेताची केली होती. दालन छान उबदार झाले होते आणि मी हत्यारे बांधायला घेतली होती. राणीसाहेब बोळात आल्या, लाकडाची टोपली पालथी घालून तीवर बसल्या आणि आपल्या साल्झबुर्गच्या बोलीत म्हणाल्या, “थंडीला घोंगडी आहे, पोलोनी. गप्पांना काय आहे?” मी हत्यारे खाली ठेवली. तुकडा शोधायला गेले. तेव्हापासून रोज दुपारी आम्ही भट्टीच्या तोंडाशी चेस्टनट भाजतो आणि तुमच्या गल्लीतल्या लोकांची निंदा करतो. (आमची मैत्री आहे असे मी म्हणणार नाही. राणीची मैत्रीण हे पद इथे वंशपरंपरेने भरतात.) काल त्या इतक्या हसल्या की पहाऱ्याच्या नाईकाने डोकावून पाहिले. “दोष सापडला का?” त्याने विचारले. राणीसाहेब म्हणाल्या, “वाढलाय.”

ता. क. ३ : पत्राचे कारण असे. डचेसबाईंचा धीर संपला आहे. माझ्याऐवजी दुसरा कारागीर पाठवा, असे पत्र तुम्हाला त्यांच्याकडून येईल. तुम्ही स्वतः येऊ नये. तुमचा हात झडपेवर पडताच तुकडा सापडेल, मला गाडीत बसवतील आणि त्या बोळात पुन्हा कोणी बसणार नाही. नकार देऊन डचेसबाईंना दुखवूही नये. लिओनहार्टदादाला पाठवावे. तो आल्यावर आठ दिवसांच्या आत त्या स्वतः मला इथेच ठेवून घेतील, कोणाच्याही पटावर न घेता.