अळणी जेवणाची सोबत

जिते, ता. पेण
५ जानेवारी २०२५

चि. अनितास,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन केलास, पण मला एक शब्द कळला नाय. तू ओरडलीस, मी ओरडलो, आणि शेजारचा कान्हू धावत आला, भांडण कसलं विचारायला. त्यापेक्षा कागद बरा.

पेणच्या डॉक्टरांनी माझे सुजलेले पाय बघितले, प्रेशर बघितलं, आणि मीठ अगदी कमी करायला सांगितलं. लोणचं, पापड, सुकट, फरसाण सगळं बंद. मिठागरात मीठ ओढण्यात जन्म गेला, आता म्हातारपणी त्याचीच बंदी. तुझी वहिनी नूतन सांगितलं तसं करते, तिचा दोष नाय. पण तिची आमटी हल्ली गरम पाण्यासारखी लागते. काल मी ताट सारून उठलो, तर तुझा भाऊ प्रणित माझ्यावर रागावला.

दुपारी स्टेशनाकडे फेरी मारतो. तिथं विमलबाईच्या गाडीवर वडापाव खातो. घरात सांगू नको. जावईबापू निकेशरावांना नमस्कार, माझ्या नातीला, किमयाला पापा.

माया हाय तशी ठेव.
तुझा बाबा, हिरामण

रोहा
११ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
अनिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र किमयाने मोठ्याने वाचलं आणि वडापावपाशी येऊन हसत सुटली. मला काही हसू आलं नाही. बाबा, जेवणातलं मीठ काढून वड्यातलं खायचं, याला पथ्य म्हणत नाहीत.

मागच्या वर्षी निकेशनाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. कंपनीत शिफ्टला डबा नेतात, तोही पहिले काही दिवस अर्धा परत यायचा. मग मला कळलं, नुसतं मीठ काढून भागत नाही, त्याच्या जागी दुसरं काहीतरी यायला हवं. आमटी उतरवली की वरून ठेचलेल्या लसणीची खमंग फोडणी द्यायची आणि ताटात लिंबू पिळायचं. तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि लाल मिरची भाजून चिंचेच्या छोट्या गोळ्यासोबत कुटली की मिठाशिवाय भाकरी जाते. चार वाजताच्या भुकेला बिनमिठाचे चणे-शेंगदाणे, नाहीतर कुरमुऱ्यात कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, लिंबू. वडापावापेक्षा स्वस्त पडतं. नूतनलाही हे सांगा, म्हणजे सांगालच असं नाही, म्हणून वेगळा कागद जोडला आहे.

रागावू नका. लेकीवरचा लोभ कमी होऊ देऊ नका.
आपली, अनिता

जिते
२० जानेवारी २०२५

ती. अनिताताईंस,
नूतनचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर घरात ऐकू जातं, म्हणून मीही लिहायला बसले. तुम्ही लिहिलेली चटणी केली. बाबांनी बोटाच्या टोकाने चाखली आणि वाटी बाजूला ठेवली. कुरमुरे कान्हूदादांना देऊन टाकले. दुपारी ते बाहेर कुठे खातात ते मला ठाऊक आहे, पण मी विचारत नाही.

ताई, मी दोन भांडी लावत नाही. सगळ्यांना एकच आमटी. प्रणित वरून मीठ घेतात. नळावर परवा एकजण म्हणाली, सासऱ्याला उपाशी ठेवतेस म्हणे. मी घागर उचलून घरी आले. रोज त्यांचं भरलेलं ताट उचलायला आता नको वाटतं. तुम्ही म्हणाल तर पहिल्यासारखं मीठ घालते. मी फार दमले आहे.

तुमचा आधार वाटतो, तो राहू द्या.
तुमची, नूतन

जिते
२९ जानेवारी २०२५

चि. अनितास,
आशीर्वाद.

प्रणितने फोनवर सांगितलंच असेल. विमलबाईच्या गाडीजवळ मला भोवळ आली. तिने बाकड्यावर बसवलं, प्रणितला बोलावून घेतलं. पेणला नेलं तेव्हा प्रेशर फार वाढलेलं होतं. गोळ्या बदलल्या, आता बरा हाय. तुझं बोलणं खरं झालं, पण ते आणखी एकदा लिहून पाठवू नको.

दुसऱ्या दिवशी प्रणित कामावर गेलेला. नूतन आणि मी दोघंच जेवायला. मिठाची बरणी प्रणितच्या जागेजवळ होती. नूतनने तिच्याकडे हातसुद्धा नेला नाय. मी विचारलं, तू का खातेस गो हे असलं? तुला काय झालंय? तर ती खाली बघून म्हणाली, "बाबा, अळणी जेवण एकट्याने गिळवत नाय."

इतके दिवस ती माझ्याबरोबर तेच जेवत होती आणि मी तिच्यासमोर ताट सारून उठत होतो. त्या दिवशी ताट सारलं नाय. मग चटणी मागून घेतली, लिंबू पिळलं, जेवलो. अजून चव पुरती बसली नाय, खोटं कशाला सांगू. पण लसूण आता मी सोलतो आणि चटणी मीच कुटतो. हातात जोर हाय अजून.

तुझ्या घरावर माझी माया हायच.
बाबा

जिते
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईंस,
नूतनचा सा. न. वि. वि.

किमयाच्या परीक्षेमुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून रविवारच्या पोपटीचं कळवते. वालाच्या शेंगा बाबांनी स्वतः निवडल्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, भरपूर ओवा, आलं-लसूण-मिरचीचं वाटण. प्रणित जाडं मीठ घेऊन आले, तर बाबांनी हात आडवा धरला. मडकं पेंढ्यात उलटं ठेवून पेटवलं तेव्हा कडेला पाच-सहा घरची माणसं जमली होती, नळावरची ती बाईसुद्धा.

शेंगा ओतल्यावर कान्हूदादांनी एक सोलून खाल्ली आणि विचारलं, मीठ विसरलात काय? मी आत मिठाची वाटी आणायला निघाले होते. बाबांनी मला थांबवलं, माझ्या हातावर पहिल्या गरम शेंगा ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विसरलो नाय. आमच्या नूतनच्या घरात असंच करतात. लिंबू घ्या आणि खा."

ताई, सगळ्यांनी खाल्लं. मी घरात जाऊन लिंबं चिरून बाहेर आणली.

परीक्षा झाली की या. लोभ आहेच, तो भेटीने वाढू द्या.
तुमची, नूतन